भिंतीवरचा आळस

नगरपालिकेच्या सभागृहात शिरलं की समोरची अख्खी भिंत भरून एक चित्र दिसायचं. मधोमध सिंहासनावर बसलेली धिप्पाड बाई म्हणजे आपली नगरी. तिच्या दोन्ही अंगांना समृद्धी, न्याय, विद्या आणि उद्योग असे चौघे उभे. आणि तिच्या पायाखाली चिरडलेले तीन दुर्गुण: अज्ञान, रोगराई आणि आळस. त्यातला डाव्या कोपऱ्यात लोडाला टेकून, अर्धे डोळे मिटून पडलेला जो आळस आहे ना, तो त्याच इमारतीत छत्तीस वर्षं शिपाई होता. आणि खरं सांगायचं तर त्या इमारतीत मनापासून राबणारा तेवढा एकच इसम होता.

सकाळी सातला तो कुलपं उघडायचा. दहाला साहेब लोक यायचे, तोवर त्याचं झाडणं, पुसणं, पाणी भरणं, फायली खालून वर आणि वरून खाली करणं उरकलेलं असायचं. साहेब लोक आले की घंटा वाजायला लागायची. संध्याकाळपर्यंत बुडाला स्टूल लागलं तर शपथ. छत्तीस वर्षांत रजा घेतली ती आईच्या वेळी तीन दिवस आणि मुलीच्या लग्नात दोन. लग्नातही दुसऱ्या दिवशी दुपारी हजर. रेकॉर्ड रूमची किल्ली चुकून त्याच्याच खिशात राहिली होती म्हणे! आणि अशा माणसाला सगळं शहर हाक मारायचं ती काय, तर आळसोबा.

हे कसं झालं ते ऐका.

तेव्हाचे नगराध्यक्ष परगावी दौऱ्यावर गेले होते. बघायची होती तिथली गटारं, पण बघून आले भलतंच. तिथल्या नगरपालिकेत त्यांना भिंतीवर रंगवलेली एक भली मोठी बाई दिसली. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात धान्याची कणसं, पायाशी नदी. "ही कोण?" असं यांनी विचारलं. "हे आमचं शहर," असं उत्तर मिळालं. झालं! अध्यक्षांच्या पोटात दुखायला लागलं. त्यांच्या शहराला बाई आहे आणि आपल्या शहराला नाही म्हणजे काय? आपल्या सभागृहाच्या भिंतीवर काय होतं, तर एक बंद पडलेलं घड्याळ. परत आल्यावर गटारं गटारांच्या जागी राहिली आणि चित्राचा ठराव एकमताने मंजूर झाला.

चित्रकार म्हणून जो बोलावला तो होता दुकानांच्या पाट्या रंगवणारा. शहरात दुसरा कोणी नव्हताच. त्याची अक्षरं अशी ठसठशीत, की चष्मा घरी विसरलेल्या म्हाताऱ्यालाही रस्त्यापलीकडून वाचता यावीत. चेहऱ्याचं मात्र त्याचं एक अडायचं. मनाने चेहरा काढणं त्याला जमत नसे. समोर जिवंत माणूस पाहिजे. "नाक दाखवा, नाक काढतो. नुसतं 'नाक' म्हणाल तर मला काही सुचत नाही," असं तो स्वच्छ सांगायचा. दातांच्या दवाखान्याची पाटी रंगवायची होती तेव्हा सख्ख्या मावशीला त्याने तीन दिवस तोंड उघडून बसवलं होतं.

म्हणजे आता प्रत्येक गुणाला माणूस हवा. समिती बसली. सद्गुण अर्ध्या तासात वाटून झाले! नगरी कोण, तर अध्यक्षांच्या सौभाग्यवती. तिथे कोणी चर्चेचा सूरही काढला नाही. समृद्धी म्हणून रस्त्यांच्या ठेकेदाराची वहिनी. विद्या म्हणून उपाध्यक्षांची भाची, जी शाळेच्या शेवटच्या परीक्षेला तीनदा बसली होती. उपाध्यक्ष म्हणाले, तिच्याइतका अभ्यास शहरात दुसऱ्या कोणी केलाय का ते दाखवा. न्यायाच्या डोळ्यांवर पट्टी असते असं कळल्यावर न्याय कोणालाच नको झाला. एवढं बसायचं आणि तोंड दिसणार नाही? मग पट्टी थोडी कपाळावर सरकवायची ठरलं, तेव्हा कुठे एका सभासदाची बहीण तयार झाली. तेव्हा बघायला हवं होतं, आपला न्याय पट्टीखालून स्वच्छ बघत होता.

उद्योगाला अध्यक्षांचा मेव्हणा बसला. पिळदार दंड, रुंद छाती. असणारच, दिवसभर आरशासमोर वजनं उचलण्यापलीकडे त्याला दुसरं काम कुठे होतं? चित्रकाराने हातात हातोडा दिला तेव्हा त्याने विचारलं, "हा धरतात कुठून?"

अडलं ते दुर्गुणांपाशी. तिथे बसायला एक माणूस मिळेना. चित्रकाराने डोकं चालवलं. अज्ञान त्याने पालथं पाडलं, म्हणजे नुसता पाठीमागचा केसांचा भाग. रोगराईच्या तोंडावरून चादर ओढली. पण आळस? आळस काही पालथा झोपत नाही, तो ऐसपैस उताणा पडतो, त्याला तोंड पाहिजेच. समिती विचारात पडली. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि घाईघाईने नजरा दुसरीकडे वळवल्या. कारण योग्य माणसं खोलीत भरपूर होती.

तेवढ्यात हा पाण्याचे पेले घेऊन आत आला. तेवीस वर्षांचा पोरगेला शिपाई, नोकरीला दुसरं वर्ष. सकाळपासून तीन मजले चढून-उतरून पाय दुखत होते आणि ते तोंडावर दिसत होतं. अध्यक्ष एकदम मायेने म्हणाले, "अरे, किती दमलास! बस जरा."

त्या इमारतीत त्याला कोणी 'बस' म्हणण्याची ती पहिली वेळ. बिचारा हरखून बसला. आणि तो जो बसला, तो पस्तीस वर्षं भिंतीवर तसाच राहिला.

अकरा दिवस रोज दोन तास त्याला अध्यक्षांच्या खोलीतल्या कोचावर पडून राहायचं होतं. आता तुम्हाला वाटेल, चैन झाली. कसली चैन! त्याला पडताच येईना. बाहेर कुठेतरी घंटा वाजली की हा ताडकन उभा आणि दाराकडे पळाला. चित्रकाराने डोक्यावर हात मारून घेतला.

"अरे बाबा, तू आळस आहेस! आळसाला घंटा ऐकू येत नाही!"

"वाजते ना पण, साहेब."

"वाजू दे. डोळे अर्धे मीट. आणि पाय कसले आखडतोस? सैल सोड."

पाय सैल सुटेनात. शेवटी घंटेत फडकं कोंबलं आणि त्याचा डावा पाय कोचाच्या पायाला सुतळीने बांधला. चित्रात तो पाय किती निवांत पसरलाय म्हणून लोक वाखाणतात, त्याखाली सुतळी आहे हे कोणाला ठाऊक? चेहरा मात्र चित्रकाराने जसाच्या तसा उतरवला. लहानपणी सायकलवरून पडून डाव्या कानाची पाळी फाटली होती, तीही सोडली नाही. आणि कोणाला उगाच शंका नको म्हणून प्रत्येक आकृतीखाली आपल्या ठसठशीत अक्षरात नाव घातलं. दोन तास पडून राहिल्यामुळे तुंबलेलं काम हा रोज संध्याकाळी थांबून उपसत होता, ते अर्थातच कोणी रंगवलं नाही.

चित्र झालं, पडदा सरकला, भाषणं झाली. आणि दुसऱ्या दिवसापासून शाळांच्या सहली सुरू झाल्या. प्रत्येक शाळेची तिसरी-चौथी तिथे येणार, गुरुजी छडी लावून दाखवणार, "ही आपली नगरी. हा न्याय. हा उद्योग, याच्यासारखं व्हायचं. आणि हा आळस, याच्यासारखं होऊ नका." नेमक्या त्याच वेळी हा पोरांसाठी पाण्याची बादली घेऊन शिरणार. पोरं एकदा भिंतीकडे बघणार, एकदा याच्याकडे, आणि मग जो हशा पिकायचा! 'आळसोबा' नाव त्या पोरांनीच ठेवलं. पोरं मोठी झाली, कामाला लागली, त्यातली काही त्याच नगरपालिकेत कारकून होऊन आली, आणि टेबलावर पाय टाकून हाक मारू लागली, "आळसोबा, चहा आण रे!"

तो सगळं हसण्यावारी न्यायचा. त्याची बायको नेत नसे. तिच्या जिभेला धार होती. "अहो, राबता तुम्ही आणि आळशाची बायको म्हणून नळावर बोलणी खाते मी," असं ती म्हणायची. तो म्हणायचा, "जाऊ दे गं, चित्र आहे ते." ती म्हणायची, "चित्र आहे ना? मग मेव्हण्याला बसवायचं होतं. चित्र काढायलासुद्धा नको होतं, आरसा लावला असता तर भागलं असतं."

पण एक दिवस त्याच्या मुलीची सहल आली. ती तिसरीत होती. गुरुजींनी छडी लावली, "हा कोण?" आणि सगळा वर्ग तिच्याकडे वळून ओरडला, "हिचे बाबा!" हा दारातच होता, हातात बादली. मुलीने मान वर केली नाही. संध्याकाळी घरी जेवताना मात्र तिने विचारलं, "बाबा, तुम्ही खरंच झोपता का हो कामावर?"

जगाने काही म्हणावं, त्याचं तो सोसेल. पण पोरीने विचारावं? त्याने त्या दिवशी ठरवलं की निवृत्त होऊन त्या इमारतीबाहेर पाऊल टाकण्याआधी ते तोंड भिंतीवरून गेलं पाहिजे. बास. यापलीकडे त्याला आयुष्यात काही नको होतं.

तो चित्रकाराकडे गेला. म्हणाला, "माझं तोंड तेवढं पुसा." चित्रकार म्हणाला, "ठरावाशिवाय मला ब्रश लावता येत नाही. पण तुला म्हणून सांगतो, कोणाला बोलू नकोस. रोज सकाळी मऊ फडक्याला जवसाच्या तेलाचा हात लाव आणि हळूच पुसत जा. एकदम नाही जाणार. पण वर्षा-दोन वर्षांत बघ, आपोआप विरतं."

हा भोळा सांब! दुसऱ्या दिवसापासून सुरू. रोज सात वाजता कुलूप उघडलं की पहिलं काम ते. आधी कोरड्या फडक्याने धूळ झटकायची, मग तेलाचा हलका हात. कपाळ, पापण्या, नाक, फाटका कान. वर्षं गेली, तोंड काही विरेना. उलट दिवसेंदिवस तजेलदार व्हायला लागलं. त्याला वाटायचं, आपलाच हात कमी पडतोय. आणखी मन लावून पुसायचा. चित्रकार मधूनमधून यायचा, चित्रासमोर उभा राहायचा आणि म्हणायचा, "चालू ठेव, चालू ठेव." असं करता करता चित्रकार वारला आणि याचं पुसणं मात्र चालूच राहिलं.

दरम्यान वरच्या अंगाला वेगळाच कारभार चालला होता. सभागृहाच्या बरोबर वर अध्यक्षांसाठी खास न्हाणीघर बांधलं गेलं. उद्घाटन थाटात झालं. पहिल्याच वर्षी ते गळायला लागलं. ओल भिंतीतून खाली उतरली. आधी उद्योग गेला. आधी फुगला, मग पोपडे धरले आणि तिसऱ्या वर्षी त्याचं तोंड एका रविवारी गळून पडलं. हातोडा तेवढा राहिला. मग समृद्धीला बुरशी आली. विद्येचं डोकं पांढरं फटक झालं. नगरीचं नाक तर भर सभेत, पाणीपुरवठ्यावर चर्चा चालू असताना, उपाध्यक्षांच्या चहात पडलं. गळती शोधायला समिती नेमली. समितीने गळती कुठून होते याचा अहवाल द्यायचा होता, तो अहवाल वरच ठेवला होता, तो भिजला.

अशी वीसेक वर्षं गेली. नवे अध्यक्ष आले. ते शिकलेले होते, त्यामुळे त्यांना गटारांऐवजी 'शहराची ओळख' या गोष्टीची काळजी वाटे. त्यांनी बाहेरून जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या एका तज्ज्ञ बाईंना बोलावलं. बाई चार दिवस शिडीवर बसून भिंग लावून बघत होत्या. पाचव्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "वरचं सगळं गेलंय. काढायचं तर नव्याने काढावं लागेल, आणि खरं सांगू? जाण्यासारखंच होतं. लग्नात फोटोसाठी उभे राहतात तशी सगळी उभी होती. पण या खालच्या कोपऱ्यात एक माणूस आहे. खराखुरा. हा चेहरा फार मोठ्या हाताचा आहे."

हा कोपऱ्यात चहाचा ट्रे घेऊन उभा होता.

"आणि कोणीतरी याची वर्षानुवर्षं निगा राखलीय," बाई म्हणाल्या. "रोज धूळ पुसलीय, तेल लावलंय. तेलाने जरासा पिवळट झालाय, पण त्याच तेलाने वाचलाय."

म्हणजे त्या चित्रकाराने याला चक्क बनवलं होतं! आयुष्यात एकच चेहरा जमला होता त्याला, आणि तो जपायला त्याने फुकटचा राखणदार नेमला होता, तोही असा, की ज्याला वाटत होतं आपण तो चेहरा मारतोय. त्याला राग यावा की हसू, हेच कळेना. त्याने मेलेल्या माणसाला मनातल्या मनात एक सणसणीत शिवी घातली.

पुढे जे झालं ते फक्त नगरपालिकेतच होऊ शकतं. अध्यक्षांना त्या चेहऱ्याने झपाटलं. शहराची ओळख म्हणून हाच चेहरा घ्यायचा! पण 'आळस' कसा घ्यायचा? तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत अध्यक्षांना साक्षात्कार झाला, की हा आळस नाहीच, हे समाधान आहे. मिटलेले डोळे, सैल पाय, ओठांवर तृप्ती. "समाधानी शहर!" ते टेबलावर हात आपटून म्हणाले आणि सगळ्यांनी टेबलं वाजवली. लगेच पितळेची पाटी करायला टाकली, 'समाधान', आणि ती जुन्या अक्षरांवर चार स्क्रूंनी ठोकून बसवली. मग तो चेहरा कागदांवर आला, बसगाड्यांवर आला, कचऱ्याच्या डब्यांवर आला. पाण्याच्या टाकीवर तर वीस हात उंच आला. दिवसाआड येणाऱ्या पाण्यासाठी बाया रिकाम्या घागरी घेऊन त्या समाधानाखाली रांगा लावायच्या. रांगेत याची बायकोही असायची.

आता या चेहऱ्याचा धनी कोण, असा प्रश्न कोणीतरी काढलाच. सत्काराशिवाय आपलं पान हलत नाही ना! चित्रकार गेला होता, जुने अध्यक्ष गेले होते, समितीतले बहुतेक गेले होते. आळसोबा हे नाव कुठून आलं ते ठाऊक असणारे कारकून होते, पण शिपायाचा सत्कार करायचं कोणाच्या मनात येणार? तेव्हा मेव्हणेसाहेब खाकरले.

मेव्हणा म्हणजे तोच, उद्योग. तो आता स्वतः उपाध्यक्ष होता. दंड गेले होते, पोट आलं होतं. पस्तीस वर्षांत हातोडा कुठून धरतात ते मात्र त्याला अजून कळलं नव्हतं. डोळे खाली घालून तो म्हणाला, "सांगायला संकोच वाटतो. पण त्या चित्रासाठी बसणाऱ्यांत मी होतो, हे जुन्या कागदांत आहे. तो चेहरा माझा."

हे बोलला तेव्हा हा त्याच्याच पुढ्यात चहा ठेवत होता. मेव्हण्याने कप याच्या हातातून घेतला, याच्या डोळ्यांत बघितलं आणि फुर्रकन भुरका मारला.

घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं आणि वर म्हणाला, "बरं झालं. सुटलो एकदाचा. पुढच्या महिन्यात निवृत्तच होतोय. तोंड भिंतीवरून जावं म्हणत होतो ना, गेलंच की."

बायको जी कडाडली! "सुटलात? पस्तीस वर्षं आळशी, आळशी म्हणून शेण झेललंत, तेव्हा आला का तो मेला 'मी आहे, मी आहे' करत? आता टाकीवर चढायच्या वेळी बरं त्याला आठवलं! शेण तुमचं आणि शेला त्याचा?"

त्याला रात्रभर वाटत राहिलं की आपल्याला बरं वाटायला हवं. वाटेना. नको असलेली गोष्टसुद्धा कोणी खिशातून काढून नेली तर ती चोरीच असते, हे त्याला अठ्ठावन्नाव्या वर्षी उमगलं.

दुसऱ्या दिवशी तो धीर करून मेव्हण्याच्या खोलीत गेला. "साहेब, ते तोंड माझं आहे."

मेव्हणा गोड हसला. "अरे, पण तुलाच नको होतं ना ते? सगळ्या गावाला ठाऊक आहे. मी तुझं काम हलकं केलं, तर उपकार मानायचे सोडून..."

"माझा कान आहे त्यात. फाटका."

"तो चित्रकाराचा हात घसरला. आणि हे बघ, महिनाभर राहिलाय तुझा. सरळ निघून जा. शेवटी शेवटी कशाला तोंड काळं करून घेतोस?"

तो बाहेर आला. फडकं उचललं आणि जिना पुसायला घेतला. तीन मजल्यांचा जिना त्याने त्या दिवशी दोनदा पुसला.

सत्काराचा दिवस उजाडला. सभागृहात खुर्च्या मांडल्या, चित्राच्या कोपऱ्यावर मखमली पडदा सोडला, त्याच्या बाजूला मेव्हण्याची उंच पाठीची खुर्ची. दुपारी अध्यक्ष पाहणीला आले, पडद्याआड डोकावले आणि ओरडले, "ती पाटी किती काळवंडलीय! आळसोबा, काढ ती, चकचकीत कर आणि पाचच्या आत परत लाव. विसरू नकोस हं!"

या माणसाला 'विसरू नकोस' म्हणायची छत्तीस वर्षांत कोणाला गरज पडली नव्हती. त्याने चार स्क्रू काढले, पाटी उतरवली. खाली चित्रकाराची अक्षरं होती तशीच होती, काळीभोर. तो पाटी घेऊन चहाच्या खोलीत गेला. राख आणि लिंबू घेऊन त्याने ती अशी घासली, की तोंड बघून घ्यावं. मग स्वच्छ फडक्यात गुंडाळली, स्क्रू कागदाच्या पुडीत बांधले, स्क्रू ड्रायव्हर शेजारी ठेवला. घड्याळात साडेतीन झाले होते. लावायला पाच मिनिटंही लागली नसती. त्याने स्टूल ओढलं आणि त्यावर बसला. पाय पसरले. सैल सोडले. घंटा दोनदा वाजली, तीही त्याने वाजू दिली.

पाच वाजता सभागृह भरलं. पुढच्या रांगेत नेहमीप्रमाणे शाळेची पोरं आणून बसवली होती. मागे त्याची बायको होती आणि मुलगी. ती आता दवाखान्यात नर्स होती, ड्युटीवरून तशीच आली होती. भाषणात अध्यक्ष म्हणाले की शहराचा आत्मा ज्या चेहऱ्यात उतरला तो चेहरा आज आपल्यात बसला आहे. मेव्हण्याने नम्रपणे मान लववली. फुलांचा गुच्छ त्याच्या हातात दिला. टाळ्या. अध्यक्षांनी दोरी ओढली.

पडदा सरकला आणि पहिली-दुसरीतली पोरं, ज्यांना नुकतंच वाचता यायला लागलंय आणि जी दिसेल ते मोठ्याने वाचतात, ती एका सुरात ओरडली, "आळस!"

क्षणभर कोणाला काही कळेना. मेव्हणा गुच्छ घेऊन हसतच होता, शेजारी हातभर अक्षरं. फोटो निघत होते. मग मागून एक बाई खळखळून हसली. ती नर्स होती. आणि मग अख्खं सभागृह फुटलं. लोक खुर्च्यांना धरून हसत होते. कोणीतरी म्हणालं, "पस्तीस वर्षांनी नाव आणि माणूस बरोबर जुळलं!"

मेव्हण्याने वळून बघितलं. लालबुंद झाला. गुच्छ फेकून उभा राहिला आणि किंचाळला, "मी नाही! हा मी नाही! मी उद्योग होतो! हा तो शिपाई आहे, त्याला झोपवला होता इथे! त्याचा कान बघा, कान फाटका आहे त्याचा! बोलवा त्याला!"

"पाटी कुठाय?" अध्यक्ष गरजले. "आळसोबा!"

तो आला. एका हातात फडक्यात गुंडाळलेली पाटी, दुसऱ्यात स्क्रू ड्रायव्हर. सगळं सभागृह एकदा भिंतीकडे बघत होतं, एकदा त्याच्या कानाकडे, आणि या वेळी हसत कोणी नव्हतं. तो चित्रापाशी गेला, स्वतःच्या तोंडाखाली गुडघे टेकून बसला, पाटी लावली आणि एकेक करून चारी स्क्रू घट्ट पिळले. घाई केली नाही.

"इतका वेळ काय करत होतास?" अध्यक्ष दात ओठ खात म्हणाले.

तो उठला, फडक्याने हात पुसले. मागे मुलगी उभी राहून त्याच्याकडे बघत होती, मान वर करून.

"चुकलं, साहेब," तो म्हणाला. "जरा आळस केला."

आणि मेव्हण्याची खुर्ची रिकामीच होती, तिच्यावर तो बसला.